दादाला सगळं दिसतंय

४ फेब्रुवारी

लाडके ठमे,

फोन कर, फोन कर म्हणून तुझे निरोप येतायत. पण दुकानात दोन्ही मशिनं चालू असली की मला ऐकू येतं निम्मं आणि तू बोलतेस दुप्पट. त्यापेक्षा लिहीत जा. लिहिलेलं समोर ठेवून करता येतं, आणि बिघडलं की खापर कुणावर फोडायचं तेही नक्की असतं.

मागे सुट्टीला आलीस तेव्हा तू दुकानाला तो सर्व्हर बसवून दिलास. सोय झाली, खोटं कशाला बोलू? पूर्वी हे आर्किटेक्ट लोक पेनड्राइव्ह घेऊन काउंटरला चिकटून उभे राहायचे. आता आपापल्या ऑफिसातून नकाशे पाठवतात, आम्ही मोठ्या कागदावर छापून गुंडाळ्या करून ठेवतो. पण एक गोची झालीय. सगळ्यांना सगळ्यांचं दिसतं!

काल घाईघाई आल्या होत्या. आठवतात ना? दारातून आत पाय टाकायच्या आधीच 'झालं का?' विचारतात त्या. दादाने ठेवलेलं नाव. तुझ्या मामाची ही खोड तुला माहीतच आहे, गिऱ्हाईक पहिल्यांदा आलं की पाच मिनिटांत त्याचं बारसं. खरी नावं आम्हाला बिलावर लिहिण्यापुरती आठवतात. तर घाईघाई पुन्हाएकदांचं खरं नाव घेऊन म्हणाल्या, "त्यांनी शाळेचा जिना काय सुरेख काढलाय हो!" मी गारच पडले. पुन्हाएकदा साहेब, म्हणजे ज्यांना प्रत्येक नकाशा पुन्हा एकदा छापून हवा असतो ते, आणि या, दोघंही त्याच शाळेचं काम मिळावं म्हणून जिवाचं रान करतायत. तो जिना यांना दिसायलाच नको होता. पुन्हाएकदांना कळलं तर दुकानाची अब्रू जाईल.

दुसरी डोकेदुखी म्हणजे दादा. मांडीचं हाड मोडल्यापासून घरीच आहे. आपलं दुकान तळघरात, आणि डॉक्टरांनी जिना उतरायचा नाही म्हणून सांगितलंय. मग हा घरून लॅपटॉपवर सर्व्हर उघडून बसतो आणि 'आवराआवर' करतो. गेल्या आठवड्यात जुन्या वाटल्या तेवढ्या फाइली पुसून टाकल्या. त्यात मिशीवाल्यांच्या बंगल्याचा तळमजला गेला. वरचा मजला शाबूत, खाली काही नाही. मिशीवाल्यांना मी काय सांगितलं ते विचारू नकोस.

कर बाई काहीतरी.

तुझी मावशी

---

७ फेब्रुवारी

मावशी,

हसून हसून पोट दुखलं. अधांतरी बंगला! पण चूक माझी आहे. निघायच्या गडबडीत मी सगळ्यांना एकाच मोठ्या फोल्डरात सोडलं. लोकांना मी हेच करू नका म्हणून पगार घेऊन सांगते, आणि स्वतःच्या मावशीकडे तेच करून आले.

आता नीट करू. प्रत्येक गिऱ्हाइकाचं वेगळं फोल्डर करायचं. त्याने लॉगिन केलं की तो थेट आपल्या फोल्डरात उतरेल. मागे जायला त्याला दारच नसेल. त्याला वाटेल, एवढाच काय तो सर्व्हर. शेजारी आणखी कुणाची खोली आहे याचा पत्ताही लागणार नाही. तिकडची बटणं मी इथून दाबते, तू फक्त फोल्डर तयार कर. एकच नियम: लॉगिनचं नाव आणि फोल्डरचं नाव तंतोतंत एक हवं. नाहीतर सर्व्हर त्याला आत घेणार नाही.

आणि एक खातं अ‍ॅडमिनचं. ते वरच्या मुख्य फोल्डरात उतरतं. त्याला सगळ्या खोल्या दिसतात, सगळीकडे हात घालता येतो, काहीही पुसता येतं. ते एकाच माणसाकडे ठेव आणि पासवर्ड भिंतीवर चिकटवू नकोस. मी ओळखते तुला.

तर अ‍ॅडमिन कोण, तू की मामा? कळव, म्हणजे लगेच करते.

तुझी,
ठमी

---

११ फेब्रुवारी

लाडके ठमे,

फोल्डर झाले. सगळी नावं घालून व्यवस्थित केले: घाईघाई, पुन्हाएकदा, मिशी, उद्यानक्की, बारीकआवाज. पण कुणालाच आत जाता येईना. मग तुझं पत्र पुन्हा वाचलं. लॉगिन आणि फोल्डर एकच हवं म्हणालीस. एवढे फोल्डर कोण पुन्हा करत बसतंय? म्हणून मी लॉगिनची नावं बदलली. चिठ्ठ्या छापल्या आणि प्रत्येकाला त्याचं नवं लॉगिन देऊन टाकलं.

चिठ्ठ्या हातात पडेपर्यंत माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही गं!

बारीकआवाज खूप हसले, म्हणजे हसले असावेत, ऐकू आलं नाही. उद्यानक्कींनी विचारलं, "हे मला उद्देशून आहे का?" मी म्हटलं, छे हो, तो सर्व्हर आपोआप नावं काढतो. तर म्हणाले, बरं, मग बिलाचं उद्या नक्की बघतो. मिशीवाल्यांनी चिठ्ठी वाचली, मिशीवरून हात फिरवला आणि ती खिशात घालून गेले. एकूण कुणी तुटलं नाही. पण हे आता तूच निस्तर.

अ‍ॅडमिन कोण, हे तू अगदी सहज विचारून गेलीस. दुकानाचे कागद दादाच्या नावावर, पाटीवर दादाचं नाव. मी आले ती चार दिवस मदतीला म्हणून, आणि तुझ्या जन्माच्या आधीपासून मदतच करतेय. कुणी भाव विचारला, उधारी मागितली, तारीख बदलायची म्हटली, की माझं ठरलेलं वाक्य: दादाला विचारून सांगते. तेव्हा अ‍ॅडमिन दादाच, नाही का? पण ठमे, त्याच्या हातात ते दिलं तर मिशीवाल्यांचा वरचा मजलाही जाईल. आणि देणार नाही असं त्याच्या तोंडावर म्हणायची माझी छाती नाही.

म्हणून मी एक युक्ती काढलीय. दादालाही एक खोलीच दे. त्यात मी चारदोन नकाशे नकला करून टाकत जाईन. त्याला वाटेल सगळं दिसतंय. पुसलं तरी नक्कलच पुसली जाईल. तो खूश, मी मोकळी. कशी आहे?

तुझी मावशी

---

१३ फेब्रुवारी

मावशी,

तू धन्य आहेस. सर्व्हर नावं आपोआप काढतो हे मी ऑफिसात सांगितलं, तर एकाने खरं मानलं.

लॉगिनं मी सगळी बदलली आहेत, आता साधी आडनावं. तू तुझ्या अ‍ॅडमिन खात्यातून पाहशील तेव्हा तुला फोल्डर तुझ्याच नावांनी दिसतील, ती सोय मी करून ठेवलीय. गिऱ्हाइकांना नाही दिसणार. म्हणजे तुमचं बारशाचं खातं चालू राहू दे.

मामांची खोलीही केली. मला हे फारसं बरोबर वाटत नाहीये, मामा म्हणजे काही परके नाहीत. पण मिशीवाल्यांचा बंगला डोळ्यांसमोर आला की हसू फुटतं आणि विरोधच करता येत नाही. मामांना मी कळवलंय की तुमचं खातं तयार आहे. त्यांचं उत्तर आलं: "आता सगळं नजरेखाली राहील. उत्तम."

बघ बाई. तुझ्या भरवशावर.

ठमी

---

२ मार्च

लाडके ठमे,

उशीर झाला लिहायला, पण कारण ऐकलंस तर तूही उडी मारशील. नव्या मोठ्या दवाखान्याचं सगळं काम आपल्याला मिळालं! सगळं म्हणजे पाया, भिंती, पाण्याचे नळ, विजेच्या तारा, शस्त्रक्रियेच्या खोल्या, एकूण एक कागद. मशिनं सकाळी चालू होतात ती दुकान बंद करतानाच थंड होतात. शाई संपते, कागद संपतो, माझ्या पाठीचा पार भुगा होतो. पण मजा येतेय गं! मी प्रत्येक कागद छापायच्या आधी डोळ्यांखालून घालते. परवा एका जिन्याखालचं दार उघडलं की पायरीलाच आपटणार होतं. मी कळवलं. दवाखान्याच्या आर्किटेक्टबाईंनी दुरुस्त करून पाठवलं आणि वर लिहिलं, 'वाचवलंत.'

तुझ्या खोल्यांमुळे कुणाची तक्रार नाही. शाळेचं काम पुन्हाएकदांना मिळालं. घाईघाईंनी तो जिना बघितला होता हे त्यांना कळलं नाही, आणि घाईघाईंनीही काही चोरलं नाही. बाई घाईची आहे, पण मनाची स्वच्छ आहे.

आणि दादा! खातं दिल्यापासून इतका शांत झालाय म्हणून सांगू. फोन नाही, ओरडा नाही, 'त्या गुंडाळ्या कोणी आडव्या ठेवल्या' नाही. खरं तर गेला आठवडाभर त्याच्या फोल्डरात काही टाकायला मला सवडच झाली नाही, तरी त्याची हूं की चूं नाही. परवा भेटायला गेले तर मला म्हणतो, "तू दमलीस का गं?" जन्मात कधी विचारलं नव्हतं! मी म्हटलं, छे, भरपूर काम आहे, मजेत आहे. तर माझ्याकडे बघून नुसतं हसला आणि बायकोला म्हणाला, हिला चहा दे. वय झालं की माणूस मऊ होतो हेच खरं.

तुझी मावशी

---

९ मार्च

चि. ठमी,

आशीर्वाद. तुझी तब्येत ठीक असेल. माझा पाय आता बरा आहे, काठी घेऊन चालतो. डॉक्टर पुढच्या आठवड्यात जिन्याचं बघू म्हणाले.

पत्रास कारण की, हे तुझ्या-माझ्यात ठेव. मावशीला कळवू नकोस.

तू दिलेल्या खात्यातून मी रोज सकाळी आंघोळ झाली की सर्व्हर उघडतो. सुरुवातीला चारपाच नकाशे दिसायचे. मी म्हटलं, मंदी आहे, होतं असं. मग दोन दिसायला लागले. आता कित्येक दिवस झाले, एकही नाही. रोज उघडतो आणि रिकामं बघून मिटतो. दुकान बसलं, ठमी. मी घरी बसलो आणि दुकान बसलं.

मला वाईट कशाचं वाटतं सांगू? तुझी मावशी येते आणि म्हणते, भरपूर काम आहे, मजेत आहे. डोळ्यांखाली काळं आलंय, पाठ धरून उठते. रिकाम्या दुकानात दिवसभर बसून राहणं हे कामापेक्षा जास्त दमवतं. मला त्रास नको म्हणून बिचारी नाटक करते. मला काही दिसत नाही असं तिला वाटतं.

ती आली तेव्हा तिचं वय तुझ्याएवढं होतं. मी म्हटलं होतं, चार दिवस ये. माझ्यामुळे ती त्या तळघरात अडकली. तिला आता तरी सुटका मिळावी असं मी ठरवलंय. कोटवाले म्हणून एक गृहस्थ आहेत, भर उन्हात कोट घालून येतात. त्यांची छपाईची दुकानं आहेत. त्यांना आपली जागा आणि मशिनं हवी आहेत. मी शब्द दिलाय. अठ्ठावीस तारखेला दुकानातच सह्या करू. येईल त्यातलं निम्मं तिचं. तेव्हाच तिला सांगेन, म्हणजे ती आधीपासून रडत बसणार नाही.

तुझ्याकडून एवढंच हवंय. सर्व्हर बंद कसा करायचा, आणि गिऱ्हाइकांच्या काही फाइली उरल्या असतील तर त्या त्यांना नीट परत कशा द्यायच्या, ते लिहून पाठव. कुणाचं काही बुडता कामा नये.

तुझा मामा

---

१० मार्च

मावशी,

खाली मामांचं पत्र जसंच्या तसं चिकटवतेय. त्यांनी तुला सांगू नकोस म्हटलंय आणि मी सांगतेय. मला शिव्या घालायच्या तर दोघांनी मिळून घाला.

वाच. बसून वाच. ते शांत झालेले नाहीयेत गं. त्यांना वाटतंय सगळं संपलं. तुला जितकं जास्त काम, तितकं त्यांचं फोल्डर रिकामं. आपण त्यांना एका खोलीत ठेवलं आणि हेच घर म्हणून सांगितलं, आणि त्यांनी विश्वास ठेवला.

काय करायचं?

ठमी

---

१० मार्च, दुपारी

ठमे,

वाचलं. उभ्या उभ्याच लिहितेय, चुका झाल्या तर समजून घे.

विकतोय? माझं दुकान विकतोय? मला न विचारता, माझ्याच दुकानात मला बोलावून माझ्यासमोर सही करणार? आणि वर म्हणे सुटका! कुणी मागितली होती सुटका? मी इथे अडकले असं त्याला कुणी सांगितलं? मला या तळघराचा वास आवडतो. ताजा कागद मशिनीतून गरम गरम बाहेर येतो तो मला आवडतो. हे मी कधी बोलले नाही, कारण कुणी विचारलंच नाही.

'माझं दुकान' लिहिलं खरं. माझं कुठलं म्हणा! कागद त्याचे.

तू आत्ताच्या आत्ता एक कर. सर्व्हरवर आहे नाही ते सगळं त्याच्या फोल्डरात नक्कल करून टाक. दवाखाना सगळा टाक. उद्या सकाळी उघडलं की त्याचे डोळे विस्फारले पाहिजेत. मग तो विकणार नाही आणि आपल्याला काही बोलावंही लागणार नाही. तुला हे दोन मिनिटांचं काम आहे, मला माहीत आहे.

मावशी

---

११ मार्च

मावशी,

दोन मिनिटांचंही नाही, अर्ध्या मिनिटाचं आहे. पण मी करणार नाही.

काल रिकामं होतं आणि आज अख्खा दवाखाना उगवला, हे मामांना कळणार नाही असं तुला वाटतं? आणि समजा नाही कळलं. मग रोज त्यांच्या खोलीत काय टाकायचं हे तू ठरवणार, आणि ते बिचारे आंघोळ करून ते बघणार. मला नाही जमणार गं. त्यांचं पत्र वाचून मी ऑफिसच्या जिन्यात जाऊन रडले. मीच त्यांना लिहिलं होतं, तुमचं खातं तयार आहे म्हणून.

ऐक, दुसरा मार्ग आहे आणि तो मला पहिल्याच दिवशी सुचायला हवा होता. पण मी हसण्यात दंग होते. मामांना असं खातं देता येतं, ज्यातून सगळं दिसतं पण काही पुसता येत नाही. नुसतं बघायचं. मी तयार केलंय. पासवर्ड तुझ्याकडे पाठवलाय, त्यांच्याकडे नाही. तू स्वतः जाऊन, त्यांच्या शेजारी बसून उघड. ओरडतील. तूही ओरड. पण त्या कोटवाल्यांच्या आधी जा.

ठमी

---

१७ मार्च

ठमी,

तू मला फसवलंस. तुझ्या मावशीचा राग मी समजू शकतो, माझ्याबरोबर इतकी वर्षं काढल्यावर कुणीही असं काही करेल. पण तू? तुला मी सायकल शिकवली!

आता ऐक काय झालं ते. ती आली, चप्पलसुद्धा नीट काढली नाही, लॅपटॉप ओढला आणि म्हणाली, "दादा, बोलू नकोस, नुसतं बघ." उघडलं. आणि मिशी, घाईघाई, पुन्हाएकदा, बारीकआवाज, सगळे समोर. मी नावं ठेवलेली माणसं, ओळीने. काही नवी होती, ती तिने ठेवली असावीत. बरी ठेवलीयेत. पार खाली दवाखाना. आणि त्या सगळ्या गिऱ्हाइकांच्या रांगेत एक फोल्डर: दादा. उघडलं तर रिकामं.

मी विचारलं, हे काय? ती म्हणाली, "तुझी खोली. तुला एवढंच दिसत होतं."

मग मी ओरडलो. तीही ओरडली. शेजारच्या बाई दार वाजवून बघून गेल्या. ती म्हणाली, तू दुकान विकायला काढलंस आणि मला विचारलं नाहीस. मी म्हटलं, तू मला कोंडून ठेवलंस आणि मला सांगितलं नाहीस. तुझ्या मामीने चहा आणला, तो कुणी प्यायला नाही. तुझी मावशी निघून गेली.

ती गेल्यावर मी दवाखाना उघडला. कागद कागद बघितला. कितीतरी ठिकाणी तिचे शेरे आहेत, इथे दार पायरीला लागेल, इथे नळ भिंतीतून कसा नेणार, इथे माप जुळत नाही. दवाखान्याच्या आर्किटेक्टबाईंनी प्रत्येक वेळी दुरुस्ती करून आभार मानलेत. हे मी तिला शिकवलेलं नाही. मला स्वतःला येत नाही. मी कागद घ्यायचो, छापायचो, बिल फाडायचो. मी रोज दुकानात असताना ती हे करत होती का? मला काही आठवत नाही, ठमी. मी तिच्याकडे बघतच नव्हतो बहुतेक.

पण कोटवाल्यांना शब्द दिलाय, आणि मी शब्द फिरवत नाही. हे तुला माहीत आहे, सगळ्या गावाला माहीत आहे. आता मी काय करू?

मामा

---

१८ मार्च

मामा,

माफ करा. सायकलचं लिहिलंत ते फार लागलं. लागायलाच हवं होतं.

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. शब्द तुम्ही दिलात, पण कशावर दिलात? कागद तुमचे आहेत, ते मला माहीत आहे. पण मामा, तुमचं हाड मोडलं तेव्हा दुकान एक दिवसही बंद नव्हतं. मावशी आठवडाभर आजारी पडली तर काय होईल, हे स्वतःलाच विचारून बघा. मला नका सांगू.

आणखी एक. ती म्हणते तिला सुटका नकोय. तिला त्या तळघराचा वास आवडतो म्हणे. हे तिने मला चिडून लिहिलं, म्हणजे खरं असणार.

तुम्ही अजून रागावलेले असाल तर असू दे. पण दोघांत बोलणं चालू ठेवा.

तुमची ठमी

---

२९ मार्च

लाडके ठमे,

भांडण झाल्यापासून तुला मुद्दाम लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही नव्हतं. दादा माझ्याशी बोलत नव्हता, मी दादाशी. अठ्ठावीस तारीख येणार म्हणून मी रोज मशिनं पुसत होते. विकायला निघालेल्या घरात माणूस उगाच झाडू मारत बसतो ना, तसं. शाईचा नवा डबा मागवायचा होता, तो सुद्धा मागवला नाही. कुणासाठी मागवू?

काल कोटवाले आले. कोट घालून, कागदांची पिशवी घेऊन, बरोबर वकील. मी खुर्ची दिली. पाठोपाठ जिन्यावर काठीचा आवाज. दादा उतरत होता, एकेक पायरी, भिंतीला हात लावून. डॉक्टरांनी परवानगी दिली की नाही कोण जाणे. मी धरायला गेले तर म्हणाला, "राहू दे, येतंय मला." आत आला आणि आपल्या गल्ल्यामागच्या खुर्चीत बसला नाही. गिऱ्हाइकांसाठी ठेवलेल्या स्टुलावर बसला.

कोटवाल्यांनी कागद पुढे केले. "मग करायची सही?"

दादा म्हणाला, "मालकीणबाईंना विचारा."

कोटवाले इकडेतिकडे बघायला लागले. ठमे, तुझी शपथ, मीही मागे वळून बघितलं! म्हटलं, आता ही कोण बाई आली?

कोटवाले तापले. म्हणाले, तुम्ही शब्द दिला होता. दादा म्हणाला, "दिला होता. दुसऱ्याच्या वस्तूवर दिला, माझी चूक झाली. तुमचा वेळ गेला त्याची माफी मागतो." दादा! माफी! तेही कोट घातलेल्या माणसाची! कागद तर तुमच्याच नावावर आहेत, असं काहीतरी वकिलाने काढलं, तर दादाने सांगितलं की नावाचं सोमवारी बदलतोय, तुम्हीच करून देता का?

मग कोटवाले माझ्याकडे वळले. "बोला बाई, काय करायचं?"

माझ्या तोंडावर आलं होतं, दादाला विचारून सांगते. अगदी ओठांवर. दादा समोरच बसला होता, विचारायला पुरे दोन पावलंही नव्हती. पण तो माझ्याकडे बघतच नव्हता गं. मुद्दाम काठीचं टोक न्याहाळत बसला होता. मग मला कळलं की त्याला विचारायचं नाहीये.

मी म्हटलं, "नाही विकायचं."

एवढंच. आवाज जरा चिरकला, पण म्हटलं. कोटवाले उठले, पिशवी उचलली आणि जिना चढून गेले. मला रडू आलं, ते मशिनीकडे तोंड करून आवरलं. मग शाईवाल्याला फोन केला.

मशिनीतून दवाखान्याचा कागद बाहेर येत होता तो दादाने उचलला, उजेडात धरला, उलटसुलट केला. माझ्या पुढ्यात धरून म्हणाला, "हे तू कसं तपासतेस ते मला दाखवशील?" मी म्हटलं, दाखवीन की. मग काठी या हातातून त्या हातात घेतली, आणि विचारलं, "मग मी उद्या किती वाजता येऊ?"

मी म्हटलं, "नऊला ये. आणि उशीर चालणार नाही."

तुझी मावशी